घरच्या नेटवर्कवरचा म्युझिक प्लेयर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकीकडे वर्षानुवर्षं जमवलेल्या सीडी आणि फाइली, दुसरीकडे सबस्क्रिप्शन भरून मिळणारं स्ट्रीमिंग. हे दोन्ही एकाच प्लेयरमधून, एकाच ॲम्पवर (स्पीकरला ताकद देणाऱ्या ॲम्प्लिफायरवर) नीट वाजावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. मी बरीच वर्षं असे प्लेयर वापरतो आहे, ओळखीच्यांच्या घरी बसवूनही देतो, आणि फिरून फिरून हेच प्रश्न समोर येतात. पहिल्यापासून वाचायलाच हवं असं नाही. तुमचं जिथे अडलंय तिथून सुरुवात करा.

मोबाइल आणि ब्लूटूथ स्पीकर आहेच. मग वेगळा नेटवर्क प्लेयर कशाला?

ब्लूटूथवर गाणं मोबाइलमधून जातं. कॉल आला की गाणं थांबतं, मोबाइल खिशात घेऊन तुम्ही बाहेर पडलात की तुटायला लागतं, बॅटरी संपली की सगळंच संपलं. शिवाय ब्लूटूथ बहुतेक वेळा आवाजातला काही भाग गाळून पाठवतं. सीडीवरच्या आवाजाचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट असतो. ब्लूटूथवरच्या चांगल्या कोडेकांत (आवाज दाबून पाठवायच्या पद्धतींत) मोडणारा एलडॅकसुद्धा फार तर ९९० किलोबिटपर्यंत पोचतो, तोही सिग्नल भक्कम असेल तर.

नेटवर्क प्लेयर थेट राउटरला जोडलेला असतो आणि गाणं स्वतः आणतो, मग ते इंटरनेटवरच्या सेवेकडून असो किंवा घरातल्या डिस्कवरून. मोबाइलचं काम रिमोटचं. अल्बम लावला, मोबाइल बंद केला, तरी अल्बम शेवटपर्यंत वाजतो. रोज ऐकणाऱ्याला एवढ्या एका गोष्टीसाठीही तो परवडतो.

एअरप्ले, कास्ट आणि ‘कनेक्ट’ यांत फरक काय?

गाणं कोण आणतं, हा फरक. ॲपलच्या एअरप्लेने मोबाइलवरून वाजवलं की सहसा मोबाइल मधे राहतो आणि आवाज पुढे पाठवतो. गूगलच्या कास्टमध्ये मोबाइल प्लेयरला फक्त पत्ता सांगतो, पुढचं प्लेयर बघतो. स्पॉटिफाय कनेक्ट, टायडल कनेक्ट, कोबझ कनेक्ट हेही याच धर्तीवर चालतात, आणि रोजच्या वापराला मला तेच सगळ्यांत सुटसुटीत वाटतात, कारण सेवेचं तुमच्या सवयीचं ॲप तसंच राहतं.

ॲपल म्युझिकवाल्यांनी मात्र आधी नीट पाहावं. ते मोजक्याच प्लेयरांच्या स्वतःच्या ॲपमध्ये मिळतं. बाकी ठिकाणी आयफोन असेल तर एअरप्ले, अँड्रॉइड असेल तर कास्ट, हाच रस्ता. खोक्यावर स्ट्रीमिंगचे दहा लोगो असले तरी तुमच्या सेवेचा आहे का, हे एकदा बोट ठेवून बघा.

घेण्याआधी स्वतःला काय विचारायचं?

पहिलं, ऐकण्यातला किती भाग स्वतःच्या संग्रहातला आहे? दहातली नऊ गाणी स्ट्रीमिंगची असतील, तर ‘कनेक्ट’ चालणारा कुठलाही साधा प्लेयर पुरतो आणि पुढचे बरेच प्रश्न तुम्ही सोडून देऊ शकता. निम्मं किंवा त्याहून जास्त संग्रहातलं असेल, तर प्लेयर फाइली, टॅग (फाइलच्या आत लिहिलेली गाण्याची आणि कलाकाराची माहिती) आणि फोल्डर कसे हाताळतो यावर निवड ठरते. हे दुकानातल्या माहितीपत्रकावर कधीच नसतं.

दुसरं, घरात आधीच काय आहे? चांगला ॲम्प आणि स्पीकर असतील तर त्यांना हात लावू नका, फक्त प्लेयरची भर घाला. काहीच नसेल तर ॲम्पसकट प्लेयर आणि स्पीकरची जोडी, किंवा आतच ॲम्प असलेले स्पीकर, हे सोपं पडतं.

तिसरा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, आणि माझ्या लेखी तोच सगळ्यांत मोठा आहे: कंपनीचा सर्व्हर बंद पडला, तर हा प्लेयर काय काय करू शकेल?

तो प्रश्न एवढा मोठा का?

कारण यातला नेटवर्कचा भागच सगळ्यांत आधी म्हातारा होतो. ॲम्प वीस वर्षं चालतो, स्पीकर त्याहून जास्त. ॲप आणि सर्व्हर यांचं आयुष्य मात्र कंपनीच्या मर्जीवर असतं.

स्क्वीझबॉक्स या नेटवर्क प्लेयरांचं उदाहरण घ्या. स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीने २००१ मध्ये आपला पहिला नेटवर्क प्लेयर काढला. २००६ मध्ये लॉजिटेकने ती कंपनी विकत घेतली, २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स बनणं थांबलं आणि २०२४ मध्ये त्याची ऑनलाइन सेवाही बंद झाली. तरी ते प्लेयर आजही लोकांच्या घरी वाजतायत. गाणी पुरवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर पहिल्यापासून मुक्त स्रोत (कोड सगळ्यांना खुला असलेलं) होतं आणि घरातल्याच कॉम्प्युटरवर चालायचं, म्हणून हे शक्य झालं. आता ते लिरिऑन म्युझिक सर्व्हर या नावाने स्वयंसेवक सांभाळतात, आणि त्याला नवनवे प्लेयरही जोडता येतात.

माझा आधीचा प्लेयर नेमका याच्या उलट होता. दिसायला देखणा, आवाज उत्तम, पण ॲप उघडायला कंपनीच्या खात्यात लॉगिन लागायचं. एकदा ते लॉगिन सलग तीन दिवस चाललं नाही. प्लेयरचा पांढरा दिवा लुकलुकत होता, ॲपमधलं चक्र फिरत होतं, आणि प्लेयरपासून हातभर अंतरावरच्या डिस्कमधली माझीच गाणी मला लावता येत नव्हती. चौथ्या दिवशी सगळं सुरळीत झालं. मी मात्र तेव्हाच ठरवलं की यापुढे असा प्लेयर घरात येणार नाही.

म्हणून हे तपासा: लॉगिनशिवाय तो चालू होतो का? यूएसबी डिस्क थेट लावून वाजते का? यूपीएनपीसारखा खुला प्रोटोकॉल (नेटवर्कवरच्या यंत्रांनी एकमेकांना शोधून बोलायची, एकाच कंपनीला न बांधलेली पद्धत) आहे का? कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून चालवता येतो का? यातल्या दोनांचं जरी उत्तर ‘हो’ आलं, तरी त्या प्लेयरला स्वतःचे पाय आहेत असं समजा. खुल्या प्रोटोकॉलचा फायदा यूपीएनपीवरूनच दिसतो. त्यावर आधारलेली डीएलएनए ही उद्योगांची संघटना २०१७ मध्ये विसर्जित झाली, पण त्या पद्धतीने बोलणारे प्लेयर आणि सर्व्हर आजही एकमेकांना ओळखतात.

नुसता स्ट्रीमर, डॅकसकट, की ॲम्पसकट?

स्ट्रीमर म्हणजे नेटवर्क प्लेयरच, आणि डॅक म्हणजे डिजिटल आवाजाचा ॲम्पला चालणारा अॅनालॉग सिग्नल करणारा भाग. ॲम्प असेल तर डॅकसकट स्ट्रीमर घ्या. बाहेर आरसीएची (साध्या अॅनालॉग वायरींची) जोडी, सोबत ऑप्टिकल किंवा कोॲक्शियल हे डिजिटल आउटपुट, एवढं बहुतेकांना पुरतं. वेगळा डॅक आधीच असेल तर फक्त डिजिटल आउटपुट देणारा छोटा प्लेयरही चालेल, आणि सहा-सात वर्षांनी तो जुना झाला तर तेवढाच बदलायचा. सगळं एकात असलेली यंत्रं जागा वाचवतात आणि वायरींचा गुंता टाळतात, हे खरं आहे. पण त्यातला नेटवर्कचा भाग थकला की चांगला ॲम्पही त्याच्यासोबत अडकतो. टीव्हीचा आवाजही त्याच स्पीकरवर हवा असेल तर एचडीएमआय एआरसी आहे का बघा, नाहीतर दोन रिमोटांचा खेळ रोजचा होतो.

एक खबरदारी. काही प्लेयरांमध्ये आउटपुट ‘फिक्स्ड’ (कायम पूर्ण ताकदीचं) किंवा ‘व्हेरिएबल’ (प्लेयरवरून कमी-जास्त होणारं) असं निवडता येतं. ज्याला आवाजाचं बटणच नाही अशा पॉवर ॲम्पला किंवा स्पीकरला फिक्स्ड आउटपुट जोडलंत, तर पहिलंच गाणं पूर्ण ताकदीने वाजेल आणि स्पीकरला इजा होऊ शकते. पहिल्यांदा चालू करताना सेटिंग बघा, मगच प्ले दाबा.

महागडा प्लेयर जास्त चांगला वाजतो का?

अॅनालॉग आउटपुट वापरत असाल तर थोडाफार फरक पडू शकतो. डिजिटल आउटपुटने बाहेरच्या डॅकला जोडत असाल आणि प्लेयर फाइलमधले बिट न बदलता पुढे देत असेल, तर फरकाला फारशी जागाच उरत नाही. नेटवर्कवर गाणं तुकड्यातुकड्यांनी येतं, प्रत्येक तुकडा तपासला जातो, चुकला तर पुन्हा मागवला जातो, आणि मग बफरमध्ये थांबून आपल्या वेळेला बाहेर पडतो. त्यामुळे ‘संगीतासाठी खास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नेटवर्क केबली आणि स्विच यांवर पैसे घालू नका, असंच माझं ठाम सांगणं आहे. ते पैसे स्पीकरकडे वळवा. किंवा खोलीत जाड पडदा आणि गालिचा आणा. स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढल्याने जेवढा फरक मला ऐकू आला, तेवढा कुठलाही स्ट्रीमर बदलून आला नाही.

हाय-रेझ किती हवं? २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ लागतंच का?

हाय-रेझ म्हणजे सीडीपेक्षा बारीक मोजमापाच्या फाइली. किलोहर्ट्झमधला दर म्हणजे सेकंदाला आवाज किती वेळा मोजला, बिट म्हणजे प्रत्येक मोजमाप किती बारीक. माणसाचा कान तरुणपणी जेमतेम २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, वयाबरोबर ती मर्यादा खाली येते. सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झ दर २२.०५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पूर्ण टिपतो, आणि १६ बिटांत साधारण ९६ डेसिबलचा लहान-मोठा आवाज मावतो. घरात बसून ऐकायला हे भरपूर आहे. ध्वनिमुद्रण करताना आणि मिक्स करताना २४ बिटांचा उपयोग आहेच. ऐकताना मात्र रेकॉर्डिंग आणि मास्टरिंग कसं झालंय यावर सगळं अवलंबून असतं.

तरीही २४/९६ किंवा २४/१९२ चालणारा प्लेयर घ्यावा, कारण विकत घेतलेल्या काही फाइली तशाच येतात आणि त्या अडू नयेत. आज बहुतेक प्लेयरांना तेवढं जमतं. डीएसडी या वेगळ्या प्रकारच्या हाय-रेझ फाइली तुमच्याकडे असतील तरच डीएसडीचा विचार करा. एमक्यूए या दाबलेल्या हाय-रेझ फॉरमॅटसाठी वेगळे पैसे मोजू नका. टायडलनेच २०२४ मध्ये ते सोडून फ्लॅक धरलं.

फाइली कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवू?

फ्लॅकमध्ये. २००१ पासूनचा हा खुला फॉरमॅट आहे, आवाजातलं काहीही न गाळता फाइल साधारण निम्म्यावर आणतो, आणि टॅग नीट सांभाळतो. डिसेंबर २०२४ मध्ये तो इंटरनेटच्या अधिकृत मानकांतही दाखल झाला. घरात सगळं ॲपलचंच असेल तर त्यांचं अलॅकही चालेल, २०११ पासून तेही खुलं आहे, आणि यातून त्यात फाइल नेताना काही गमावत नाही. डब्ल्यूएव्ही टाळा, त्यात टॅगची रड असते.

एमपीथ्री फाइली फ्लॅकमध्ये बदलून मात्र काही मिळत नाही. गेलेलं परत येत नाही, नुसती जागा वाढते. आहेत तशा ठेवा, आणि त्यातलं जे फार आवडीचं असेल त्याची सीडी मिळाली तर पुन्हा रिप करा, म्हणजे सीडीवरून नवी फाइल काढा.

सीडी रिप करताना काय सांभाळायचं?

अचूकता. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, डीबीपॉवरॲम्प, मॅकवर एक्सएलडी अशी सॉफ्टवेअरं तुमच्या रिपचा निकाल अ‍ॅक्युरेटरिपच्या साठ्याशी ताडून बघतात. त्याच सीडीचे इतरांनी केलेले रिप जुळले तर निर्धास्त राहा. चरे पडलेली सीडी असली की ड्राइव्हचा आवाज बदलतो, वेग उतरतो, एका ट्रॅकला वीस वीस मिनिटं लागतात. अशा वेळी घाई करू नये. सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसायची, गोल गोल नाही, आणि पुन्हा लावायची. माझ्या एका सीडीचा सातवा ट्रॅक तिसऱ्या खेपेला जुळला, तेही वेगळ्या ड्राइव्हमध्ये घातल्यावर.

संग्रह कुठे ठेवू? यूएसबी डिस्क, नॅस की कॉम्प्युटर?

नॅस म्हणजे राउटरला जोडून घरभर फाइली पुरवणारी डिस्कची पेटी. पण आधी हिशेब करा. फ्लॅकमध्ये एका सीडीला ३०० ते ४०० एमबी धरा. ५०० सीडी म्हणजे सुमारे २०० जीबी. एक टीबीत अडीच हजार सीडी मावतात. म्हणजे बहुतेकांचा सगळा संग्रह तळहाताएवढ्या एसएसडीत बसतो.

ऐकायची खोली एकच असेल तर ही एसएसडी सरळ प्लेयरच्या मागे लावा. आवाज नाही, वेगळं यंत्र नाही, बिघडायला काही नाही. फक्त डिस्क कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केलेली चालते आणि प्लेयर किती ट्रॅकांची यादी करू शकतो हे आधी बघा. अशा मर्यादा खरोखर असतात. सोनॉस या कंपनीच्या प्लेयरांची मर्यादा ६५,००० ट्रॅकांची आहे. साधारण संग्रहाला ती लागणारही नाही, पण मोठ्या संग्रहवाल्यांचा तिथे खोळंबा होतो.

दोन-तीन खोल्यांत प्लेयर असतील, घरातले फोटो आणि कागदपत्रंही ठेवायची असतील, तर नॅस घ्या. नेहमीचा कॉम्प्युटरही सर्व्हर होऊ शकतो, पण तो झोपला की गाणं झोपतं.

सगळं जोडलंय, तरी प्लेयरला फोल्डर दिसत नाही. का?

सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. दोन कारणं पुन्हा पुन्हा सापडतात.

पहिलं कारण जुनी भाषा. फोल्डर शेअर करण्याच्या एसएमबी प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती असुरक्षित ठरली. २०१७ मधला वॉनाक्राय हल्ला तिच्यातल्याच एका छिद्रातून पसरला. त्यानंतर नव्या विंडोजमध्ये आणि नॅसमध्ये ती आपोआप बंद असते. काही जुन्या प्लेयरांना मात्र तेवढीच आवृत्ती येते, त्यामुळे दोघं एकमेकांना दिसत नाहीत. ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, मी देणार नाही. त्याऐवजी नॅसवर यूपीएनपी सर्व्हर चालू करा, गाणी त्या वाटेने जातील.

दुसरं कारण दोन वेगळी नेटवर्कं. एका मैत्रिणीच्या घरी तासभर खटपट केली. प्लेयर चालू, राउटर चालू, ॲप म्हणतंय ‘एकही यंत्र सापडलं नाही’. शेवटी मोबाइलमधलं वाय-फायचं नाव नीट वाचलं, तर तो पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर होता. पाहुण्यांचं नेटवर्क मुद्दामच बाकीच्या यंत्रांपासून वेगळं ठेवलेलं असतं. मोबाइल मूळ नेटवर्कवर आणला आणि क्षणात प्लेयर यादीत आला. राउटरमागे दुसरा राउटर लावलेला असेल तरी हेच होतं. दुसऱ्याला नुसता ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वेगळं नेटवर्क न करता वाय-फाय पुढे नेणारा, करून टाका.

टॅग एवढे महत्त्वाचे का? फोल्डर नीट लावलेत की!

फोल्डर तुम्हाला दिसतात, प्लेयरला टॅग दिसतात. बहुतेक ॲप फाइलच्या आत लिहिलेली माहिती वाचून अल्बम आणि कलाकार मांडतात. बारा गायकांनी गायलेला एक अल्बम असेल आणि ‘अल्बम आर्टिस्ट’ हा टॅग रिकामा असेल, तर काही प्लेयर त्याचे एकेका गाण्याचे बारा अल्बम करून दाखवतात. तिथे एकच नाव भरा, बारा पुन्हा एक होतात. दोन-तीन सीडींचा संच असेल तर ‘डिस्क नंबर’ भरा, नाहीतर पहिल्या सीडीचं पहिलं गाणं आणि दुसरीचं पहिलं गाणं पाठोपाठ वाजतं.

देवनागरीत टॅग भरणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. फ्लॅकचे टॅग युनिकोडमध्येच असतात, त्यामुळे तिथे अडचण नाही. एमपीथ्रीचे जुने टॅग मात्र ३० अक्षरांत कापले जायचे आणि देवनागरीला तिथे जागाच नव्हती. ते काढून टाकून नव्या आवृत्तीचे भरा. मग येतो लिपीचा प्रश्न. एकाच गायिकेचं नाव एका सीडीवरून रोमनमध्ये आलं, दुसरीवरून देवनागरीत, की प्लेयरच्या दृष्टीने त्या दोन बायका. एक लिपी ठरवा आणि तीच पाळा. शोधायला सोपं जावं म्हणून कलाकाराचं नाव रोमनमध्ये आणि गाण्याचं देवनागरीत, असंही बरेच जण करतात. तेही चालतं, फक्त सगळीकडे तसंच हवं.

त्याहून बारीक एक खोड आहे, ती सापडायला मला फार वेळ लागला. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. एक, आख्खं एक अक्षर. दुसरं, ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्र. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पण कॉम्प्युटरला ती वेगळी वाटतात, म्हणून शोधलं की अर्धेच ट्रॅक सापडतात आणि यादीत तोच अल्बम दोनदा येतो. एमपीथ्रीटॅगसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सगळीकडे एकदाच बदलून टाका. पडदा असलेला प्लेयर घेत असाल तर देवनागरी नाव पडद्यावर नीट उमटतं की नुसते चौकोन येतात, जोडाक्षरं फुटतात का, हे दुकानातच बघा.

रागदारीच्या संग्रहात रागाचं नाव ‘जॉनर’मध्ये कोंबू नका. लिरिऑनसारखे सर्व्हर स्वतःचे वेगळे टॅगही वाचू शकतात. तसं जमत नसेल तर ट्रॅकच्या नावातच राग, मग बंदिश, या क्रमाने लिहा. ‘यमन’ शोधलं की सगळे यमन एका खाली एक येतात, आणि तेव्हा या मेहनतीचं चीज होतं. सिंफनीच्या संग्रहाला संगीतकाराचा टॅग असाच जपावा लागतो.

कव्हरचं चित्र फाइलमध्येच बसवा, ६०० ते १,००० पिक्सेल पुरे. फार मोठी चित्रं असली की साध्या प्लेयरची यादी रेंगाळायला लागते.

हे सगळं काम एकदा नीट केलं की पुढचे सगळे प्लेयर त्याचा फायदा घेतात. म्हणून प्लेयर घ्यायच्या आधीच सुरू करा, म्युझिकब्रेन्झ पिकार्ड मोफत आहे आणि बराचसा भार तेच उचलतं.

गॅपलेस म्हणजे काय, आणि तपासायचं कसं?

मैफलीचं किंवा लाइव्ह कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण सलग असतं, ट्रॅक फक्त सोयीसाठी पाडलेले असतात. विलंबित संपून द्रुत सुरू होताना तबला चालूच असतो. प्लेयरला गॅपलेस जमत नसेल तर नेमका तिथे अर्धा सेकंद शांत होतो, टाळ्या मधेच चिरल्या जातात, आणि सम हातातून निसटते. मला हे सहन होत नाही, आणि ज्यांचा संग्रह अशा ध्वनिमुद्रणांचा आहे त्यांनाही होणार नाही.

खोक्यावर ‘गॅपलेस’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. यूएसबीवरून जमतं पण यूपीएनपीवरून जमत नाही, असे प्लेयर पुष्कळ आहेत. आपल्याच संग्रहातला असा एक अल्बम पेनड्राइव्हवर घ्या आणि ज्या ज्या वाटेने तुम्ही ऐकणार, त्या प्रत्येक वाटेने तोच सांधा ऐका.

वाय-फाय पुरेल की केबल टाकू?

वेगाचा प्रश्न नाही. २४/१९२ ची फाइल अजिबात न दाबता पाठवली तरी सेकंदाला ९.२ मेगाबिट लागतात, सीडीच्या दर्जाला दीडच्याही आत. प्रश्न सातत्याचा आहे. भिंतींपलीकडचा राउटर, शेजारपाजारची वाय-फाय, मायक्रोवेव्ह, यांनी २.४ गिगाहर्ट्झवर मधूनच अडखळतं. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण ते भिंतीला लवकर हार मानतं. केबल नेणं शक्य असेल तर न्या. साधी इथरनेट केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि एकदा टाकली की विषय संपला.

दोन-तीन खोल्यांत एकाच वेळी तेच गाणं वाजेल का?

वाजेल, पण सगळे प्लेयर एकाच कुळातले हवेत. एअरप्ले २ चे एकमेकांबरोबर, कास्टचे कास्टबरोबर, ब्लूओएसचे ब्लूओएसबरोबर. नुसत्या यूपीएनपीवर दोन प्लेयर एका तालात राहत नाहीत, आणि दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभं राहिलं की तो घोळ स्पष्ट ऐकू येतो. पुढेमागे दुसरा प्लेयर घ्यायचा विचार असेल तर पहिला निवडतानाच कूळ ठरवा.

ॲप चांगलं आहे हे आधी कसं कळणार?

ॲप बहुतेक वेळा मोफत असतं. प्लेयर नसतानाही उतरवा, निदान मांडणी दिसेल. ॲप स्टोअरवरचे अभिप्राय ताज्यापासून मागे वाचत जा, जुने उपयोगाचे नाहीत. मग दुकानात किंवा ओळखीच्याकडे बघताना हजारो अल्बमांच्या यादीत ‘श’ पर्यंत पोचायला किती वेळ लागतो, चालू रांगेत मधेच एक गाणं घालता येतं का, पुन्हा उघडल्यावर जिथे होतं तिथेच येतं का, हे करून बघा.

आणि यंत्रावर बटणं असू द्या. ज्यांना मोबाइलशी झगडायचं नाही अशी माणसं घरात असतील तर हातात धरायचा रिमोट आणि चार ठरलेली बटणं हवीतच. संगीत घरातल्या सगळ्यांना लावता आलं पाहिजे.

रून घ्यावं का?

रून हे प्लेयर नाही, संग्रह आणि स्ट्रीमिंग एकत्र मांडणारं सॉफ्टवेअर आहे. २०१५ मध्ये आलं, २०२३ मध्ये हारमनने विकत घेतलं. गायकापासून वादकापर्यंत, तिथून त्याच्या दुसऱ्या अल्बमपर्यंत नेणारी त्याची मांडणी मनापासून आवडावी अशी आहे. त्यासाठी एक कॉम्प्युटर कायम चालू लागतो आणि पैसेही लागतात. पाश्चात्त्य जॅझ आणि शास्त्रीय ऐकणाऱ्यांना त्याचा सगळ्यांत जास्त लाभ होतो, कारण त्याची माहिती तिकडे भरगच्च आहे. आधी चाचणीचा काळ वापरा. लिरिऑन आणि जेलीफिन हे सर्व्हर मोफत आहेत, आणि मला तरी लिरिऑन पुरलं.

जुना कॉम्प्युटर किंवा रास्पबेरी पाय वापरून स्वतःच बनवला तर?

हौस असेल तर जरूर. रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरवर व्होल्युमिओ, मूड ऑडिओ किंवा पायकोअरप्लेयर हे सॉफ्टवेअर टाकलं आणि यूएसबी डॅक किंवा वर बसणारं डॅकचं कार्ड लावलं की विकतच्या प्लेयरच्या तोडीचं काम होतं. त्याच्या स्वतःच्या हेडफोन जॅकवर विसंबू नका, पाय ५ मध्ये तो नाहीच. मेमरी कार्ड कधीतरी दगा देतं, म्हणून सेटिंगची प्रत काढून ठेवा. घरात दुरुस्ती करणारे तुम्ही एकटेच असाल आणि वापरणारे चौघं, तर मात्र विकतचा घ्या.

एक गाणं मोठं, दुसरं लहान वाजतं. उपाय?

रिप्लेगेन. सॉफ्टवेअर प्रत्येक फाइल मोजून किती कमी-जास्त करायचं ते टॅगमध्ये लिहितं, मूळ आवाजाला हात लावत नाही. प्लेयरला ते वाचता येतं का बघा. सलग अल्बम ऐकताना ‘अल्बम’ पर्याय निवडा, नाहीतर मुद्दाम हळुवार ठेवलेलं गाणंही बाकीच्यांइतकं मोठं होऊन बसतं.

नॅसमध्ये दोन डिस्क आहेत. बॅकअप झालाच की?

नाही. दोन डिस्क एकमेकींची आरशासारखी नक्कल करतात. एक बिघडली तर दुसरी तारते, पण चुकून फोल्डर पुसलात तर दोन्हीकडून त्याच क्षणी पुसला जातो. वेगळी एक डिस्क घ्या, महिन्यातून एकदा सगळं उतरवा, आणि ती काढून दुसरीकडे ठेवा, शक्यतो घराबाहेर. टॅग दुरुस्त करण्यात घातलेले तास पैशाने परत मिळत नाहीत.

घरी आणल्यावर परत करायच्या मुदतीत काय तपासू?

पहिल्या दिवशी फक्त एक खोली, एक सेवा, एक डिस्क. सगळी यादी तयार व्हायला किती वेळ लागतो बघा आणि ट्रॅकांचा एकूण आकडा कॉम्प्युटरवरच्या आकड्याशी ताडा. कमी भरला तर कुठला फॉरमॅट किंवा कुठलं लांबलचक नाव तो गाळतोय ते शोधा. पुढचे काही दिवस रोजच्यासारखं ऐका, मुद्दाम परीक्षा घेऊ नका. सकाळी प्ले दाबल्यापासून आवाज यायला किती वेळ लागतो, रात्री बंद केल्यावर पुन्हा जागा होतो का, हे रोजच्या वापरातच कळतं. घरातल्या दुसऱ्या कुणालातरी न शिकवता एक गाणं लावायला सांगा. गॅपलेसचा तो सांधा तुमच्या प्रत्येक वाटेने ऐका.

मुदत संपायच्या आधीच्या संध्याकाळी राउटर चालूच ठेवा, पण त्यात येणारी इंटरनेटची वायर काढा. प्लेयर बंद करून पुन्हा चालू करा आणि आपल्या डिस्कवरचा एक अल्बम लावा. वाजला तर खोकं माळ्यावर टाका. नाही वाजला तर सकाळी त्याच खोक्यात भरून परत करा.